तक्रार न करणारी गाडी

ऑकलंडच्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपांवर दर दोन-तीन आठवड्यांनी एक प्रश्न येतोच. आउटलँडर पीएचईव्ही बघतोय, २०१५ची, जपानी इम्पोर्ट, रिलाएबल आहे का? तासाभरात उत्तरं येतात. एक जण म्हणतो डोळे झाकून घे. दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे तीन वर्षं आहे आणि काही त्रास नाही. तिसरा हायब्रिड गाड्या पेट घेतात अशी लिंक टाकतो. चौथा ‘फाइव्ह स्टार आहे’ म्हणून विषय संपवतो. तुम्ही यातला प्रश्न तरी विचारला असेल किंवा एखादं उत्तर तरी दिलं असेल.

मला इथे या उत्तरांची झाडाझडती घ्यायची आहे. प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या नोंदीवर उभं आहे: आगीचे आकडे, सर्वेक्षणाची टक्केवारी, सुरक्षिततेचे तारे, रिकॉलच्या याद्या. या नोंदी खोट्या आहेत असं नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न एक असतो आणि नोंद उत्तर देते भलत्याच प्रश्नाचं. प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत हा घोळ इतर कुठल्याही गाडीपेक्षा जास्त होतो. त्याचं कारण गाडीच्या रचनेतच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी आगीचा आकडा, कारण तो सगळ्यात जास्त फिरतो. २०२२च्या सुमारास अमेरिकेतल्या एका विमा-तुलना कंपनीने जाहीर केला होता: दर एक लाख गाड्यांमागे हायब्रिडच्या आगी सुमारे ३,४७५, पेट्रोलच्या सुमारे १,५३०, आणि पूर्ण विजेवरच्या गाड्यांच्या फक्त २५. पहिला आकडा नीट वाचा. लाखात साडेतीन हजार म्हणजे दर तीस हायब्रिडमागे एक गाडी जळाली पाहिजे. आपल्याकडच्या निम्म्या उबर आणि टॅक्स्या प्रियस किंवा अ‍ॅक्वा असतात. हा आकडा खरा असता तर विमानतळाच्या टॅक्सी रांगेत कायम बंब उभा दिसला असता. गडबड छेदात आहे. वर मोजल्या रस्त्यावरच्या सगळ्या जुन्या-नव्या गाड्यांच्या आगी आणि खाली घेतली एका वर्षातली विक्री. हायब्रिडची वर्षाची विक्री छोटी आणि रस्त्यावर वीस वर्षांच्या साठलेल्या गाड्या, मग आकडा फुगणारच. ज्या सरकारी संस्थेचं नाव स्रोत म्हणून दिलं होतं, ती निवडक अपघातांची चौकशी करते. देशभरातल्या सगळ्या गाड्यांच्या आगींची यादी ती ठेवतच नाही. शिवाय त्या ‘हायब्रिड’मध्ये बहुतेक गाड्या चार्जरला न लावायच्या, साध्या. म्हणजे तुमच्या प्रश्नातली गाडी त्या आकड्यात जवळजवळ नाहीच.

दुसरा आकडा जास्त आदरणीय आहे. अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने नोव्हेंबर २०२३मध्ये सांगितलं की प्लग-इन हायब्रिड गाड्यांमध्ये साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त अडचणी येतात. साध्या हायब्रिडमध्ये मात्र २६ टक्के कमी. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२४ला, तोच प्लग-इनचा आकडा ७० टक्क्यांवर आला. संस्था जुनी, हजारो-लाखो मालकांना विचारून केलेलं काम, आणि दिशाही पटण्यासारखी: दोन यंत्रणा एका गाडीत कोंबल्या की बिघडण्यासारख्या गोष्टी वाढतात. पण १४६चे ७० एका वर्षात झाले ते काही गाड्या बारा महिन्यांत सुधारल्या म्हणून नव्हे. प्लग-इनची मॉडेल्स मुळात मूठभर. त्यातलं एखादं फार वाईट मॉडेल सगळ्या वर्गाची सरासरी खाली ओढतं. २०२३ला तळाला होती क्रायस्लरची पॅसिफिका हायब्रिड व्हॅन. ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगमध्ये येतच नाही, तुम्हाला ती इथे विकायला कोणी उभं राहणार नाही. आणि या सर्वेक्षणात मालक सांगतात ते अलीकडच्या काही वर्षांतल्या, बहुतेक अमेरिकेत नव्या घेतलेल्या गाड्यांबद्दल. चिबाच्या एखाद्या बेसमेंटमध्ये सहा वर्षं उभी राहून, लिलावात विकली जाऊन, बोटीने ऑकलंडला उतरलेल्या गाडीबद्दल ते काय सांगणार?

आता तारे. इथे गाडीचा नंबर टाकला की राइटकार तारे दाखवतं, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पण ते तारे येतात दोन अगदी वेगळ्या घरांतून. नव्या गाड्यांना एनकॅप गाडी भिंतीवर आपटून तारे देतं. इथली बरीच जुनी मॉडेल्स मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या प्रत्यक्ष अपघातांवरून मोजलेली आहेत. ते काम मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात होतं. पहिल्या पद्धतीत तारीख महत्त्वाची. आउटलँडर पीएचईव्हीला पाच तारे मिळाले ते २०१४च्या कसोटीत. त्या पाचाची तुलना आज पाच तारे मिळवणाऱ्या गाडीशी करणं म्हणजे १९८५च्या मॅट्रिकचे टक्के आजच्या टक्क्यांशेजारी मांडणं. दुसरी पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे खरी माणसं खऱ्या रस्त्यावर आदळलेली असतात. पण दोन्हींचा प्रश्न एकच: धडक झाली तर आतल्या माणसाचं काय होईल? गाडी रोजच्या रोज नीट चालेल का, हा प्रश्न ताऱ्यांना कोणी विचारलेलाच नाही.

आणि तरीही एके काळी याच ताऱ्यांवर सरकारी पैसे मिळत होते. १ जुलै २०२१पासून क्लीन कार डिस्काउंट सुरू झाला. त्या पहिल्या टप्प्यात नव्या प्लग-इनला ५,७५० डॉलर आणि वापरून आलेल्या प्लग-इनला २,३०० डॉलर. अट काय, तर किंमत ८० हजारांच्या खाली आणि सुरक्षिततेचे निदान तीन तारे. वापरून आलेल्या गाडीची बॅटरी किती उरली आहे, हे विचारणारी एकही ओळ त्या अटींत नव्हती. म्हणजे जी गाडी विजेवर चालेल या एकाच गृहीतकावर सरकारने पैसे दिले, ती विजेवर किती चालू शकते हे पाहिलंच नाही. योजना ३१ डिसेंबर २०२३ला संपली. त्या काळात आलेल्या गाड्या अर्थात इथेच आहेत, आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत. तुमच्या ग्रुपवर येणारे प्रश्न बऱ्याचदा त्यांच्याबद्दलच असतात.

आता तक्रारी. इथे मित्सुबिशीचा इतिहास सांगायला हवा, कारण तक्रारींच्या नोंदीवर किती विसंबायचं याचा तो धडधडीत नमुना आहे. जुलै २०००मध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाचे अधिकारी कंपनीत तपासणीला गेले तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींचे कागद कर्मचाऱ्यांच्या लॉकररूममध्ये सापडले. मग कंपनीने कबूल केलं की १९७७पासून, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ, तक्रारींचे दोन ढीग केले जात होते: एक सरकारला दाखवायचा, एक नाही. न दाखवलेल्या ढिगातल्या गाड्या रिकॉल जाहीर न करता गुपचूप दुरुस्त व्हायच्या. कंपनीचे अध्यक्ष कात्सुहिको कावासोए यांना पद सोडावं लागलं. पुढे एप्रिल २०१६मध्ये याच कंपनीने सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या मायलेजच्या चाचण्यांत फेरफार केल्याचं मान्य केलं. ती भानगड उघड झाली कारण त्यातल्या बऱ्याच गाड्या निसानसाठी बनत होत्या आणि निसानने स्वतः मोजून पाहिलं.

आउटलँडर पीएचईव्हीची स्वतःची सुरुवातही अडखळतच झाली. जानेवारी २०१३ला ती जपानमध्ये बाजारात आली. मार्चमध्ये एका डीलरकडे उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी तापून काही भाग वितळला, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या मिझुशिमा कारखान्यात आय-मिव्ह या छोट्या विद्युत गाडीच्या बॅटरीने पेट घेतला. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीत भागीदार होती जीएस युआसा. तिच्याच बॅटऱ्यांमुळे दोन महिन्यांपूर्वी बोइंगची ७८७ विमानं जगभर जमिनीवर बसवली गेली होती. मित्सुबिशीने उत्पादन थांबवलं, मालकांना गाडी चार्जरला लावू नका असं सांगितलं. कारण निघालं ते मोठं विचित्र: सेलमध्ये काही दोष राहिला आहे का हे शोधण्यासाठी जी तपासणी होत होती, तिच्यातच सेलना नको इतके हादरे बसत होते. दोष शोधायची पायरीच दोष निर्माण करत होती. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला.

हे वाचून ‘बघा, म्हणजे गाडी वाईटच’ असं म्हणू नका. २०१३चं प्रकरण मला त्या गाडीच्या बाजूनेच जातं असं वाटतं. बॅटरी वितळली, बातमी झाली, कारण शोधलं, उत्पादन थांबलं, दुरुस्ती झाली. न्यूझीलंडमध्ये गाडी नवी म्हणून आली ती २०१४ला, हे सगळं निस्तरल्यावर. भडक बिघाडाची नोंद होतेच. प्रश्न आहे तो नोंद न होणाऱ्या बिघाडाचा.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं. आउटलँडरच्या पहिल्या पिढीत १२ किलोवॅट-तासांची बॅटरी, पुढच्या आणि मागच्या चाकांना साठ-साठ किलोवॅटची एकेक मोटर, आणि शिवाय दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. बॅटरी कमी पडली की इंजिन सुरू होतं. हीच तिची खुबी, याच भरवशावर लोक ती घेतात. आणि हाच तिच्या नोंदींतला सगळ्यात मोठा खड्डा. एक बिऱ्हाड आजारी पडलं तर दुसरं निमूटपणे त्याचं काम करतं आणि बाहेर काही कळत नाही.

हिशेब करून बघा. ती बॅटरी नवी असताना ४० अँपिअर-तासांच्या आसपास असते. जपानच्या तेव्हाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत तिला ६०.२ किलोमीटरची रेंज दिली होती, युरोपच्या जुन्या पद्धतीने ५२. खऱ्या रस्त्यावर पस्तीस-चाळीस धरा. तुम्ही हेंडरसनला राहता आणि शहरात कामाला जाता. येऊन-जाऊन पस्तीस किलोमीटर. बॅटरी ठणठणीत असेल तर रात्री चार्ज केलेल्या विजेवर दोन्ही फेऱ्या निघतात. तीच बॅटरी ३० टक्के झिजून २८ अँपिअर-तासांवर आली की वीज पंचविसाच्या आसपास संपते. परत येताना वायव्य मोटरवेच्या कॉजवेवर कुठे तरी इंजिन सुरू होतं. तुम्हाला काय जाणवतं? जवळजवळ काही नाही. गाडी थांबत नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत नाही, टो ट्रक बोलवावा लागत नाही. महिन्याला पेट्रोल थोडं जास्त लागतं. तुम्ही म्हणता थंडी आहे, हीटर चालू असतो. तेही खरंच असतं, कारण काही जपानी आवृत्त्यांत विजेवरचा हीटर नाही. गरम हवा लावली की इंजिन लागतंच. त्यात आणखी एक: टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून तीन-एक महिने पेट्रोल भरलं नाही तर ही गाडी आपणहून इंजिन चालवते. म्हणजे इंजिन सुरू व्हायला निरोगी कारणंही भरपूर आहेत. आजाराचं लक्षण आणि तब्येतीचं लक्षण एकच असेल तर तक्रार करायची कशाची?

आता याच्या शेजारी निसान लीफ ठेवा. लीफमध्ये पेट्रोल नाही, आणि बॅटरी किती उरली हे दाखवणारे बारा छोटे पट्टे डॅशबोर्डवरच आहेत. पट्टा गेला की मालकाला दिसतो, आणि रेंज गेली की माणूस रस्त्यात अडकतो. म्हणून लीफच्या मालकांनी बोंब मारली, आणि याच देशात त्यातून एक नमुनेदार काम उभं राहिलं. फ्लिप द फ्लीट नावाच्या प्रकल्पात इथल्या सामान्य मालकांनी महिन्याच्या महिन्याला आपापल्या गाडीचे आकडे पाठवले. २०१८मध्ये त्यातल्या २८३ लीफचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ३० किलोवॅट-तासांची नवी आवृत्ती, जी जुन्या २४च्या आवृत्तीपेक्षा सरस म्हणून विकली जात होती, ती दोन वर्षांच्या वयाला वर्षाला जवळपास दहा टक्के क्षमता गमावताना दिसत होती. जुन्या आवृत्तीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. जगभर चर्चा झाली. निसानने त्याच वर्षी सांगितलं की बॅटरी नव्हे, बॅटरी मोजणारं सॉफ्टवेअर चुकतंय, आणि ते दुरुस्त करून दिलं.

या गोष्टीतलं मला आवडतं ते हे, की दोन्ही बाजूंना काही तरी मिळालं. मालकांची मोजणी बरोबर निघाली: गाडी दाखवत होती तो आकडा खरंच तसा पडत होता. आणि कंपनीला उत्तर द्यावं लागलं. पण हे घडलं कारण लीफ तक्रार करते. आउटलँडर करत नाही. तिच्या डॅशबोर्डवर असे पट्टे नाहीत. उरलेल्या अँपिअर-तासांचा आकडा बॅटरीच्या नियंत्रकात असतो, पण तो वाचायला ओबीडीच्या खाचेत बसणारा वीस-तीस डॉलरचा डोंगल आणि फोनवर अ‍ॅप लागतं. किती मालक ते करतात? जे करतात ते मुळात हौशी. बाकीच्यांची गाडी ‘काही त्रास नाही’च्या खात्यात जमा होते. ग्रुपवरचा तो मेव्हणा आठवा. त्याच्याकडे तीन वर्षं काही त्रास नाही हे शंभर टक्के खरं असू शकतं, आणि त्याची बॅटरी निम्मी असू शकते.

ब्रेकचंही थोडं असंच. या गाड्या बराचसा वेग मोटर उलटी चालवून कमी करतात, पॅड फारसे झिजत नाहीत. विक्रेता हे फायदा म्हणून सांगतो, आणि आहेच. पण न वापरलेल्या डिस्कवर समुद्राच्या दमट हवेत गंज चढतो. निदान हे वॉफला पकडलं जातं, कारण वॉरंट ऑफ फिटनेसमध्ये ब्रेक बघतात. उरलेली बॅटरी बघत नाहीत. वॉफ हा ‘गाडी आज रस्त्यावर धोकादायक आहे का’ एवढाच दाखला आहे, आणि ताजा वॉफ असलेली गाडी म्हणजे चांगली गाडी असं समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

झिजलेली बॅटरी ही सुरक्षिततेची तक्रार नाही, मग एवढा आटापिटा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पैशांसाठी. १ एप्रिल २०२४पासून प्लग-इन हायब्रिडला दर हजार किलोमीटरला ३८ डॉलर आरयूसी आहे, पूर्ण विद्युत गाडीला ७६. आधी प्लग-इनसाठी ५३ ठरत होते. पण हे लोक पेट्रोलवरचा करही भरतातच, म्हणून ते खाली आणले. सरकारने गृहीत धरलं की तुमची गाडी बऱ्यापैकी विजेवर आणि थोडी पेट्रोलवर चालते. ज्याची बॅटरी झिजली, तो पेट्रोलवरचा कर जास्त भरतो आणि वर आरयूसीही पूर्ण भरतो. चार्जरला न लावायची साधी अ‍ॅक्वा किंवा प्रियस एक पैसा आरयूसी भरत नाही. झिजलेली प्लग-इन म्हणजे मग अठराशे किलोची पेट्रोल गाडी, जिला दोन्हीकडून कर लागतो. कंपन्यांची मायलेजची लेबलंही याच गृहीतकावर उभी आहेत. आउटलँडरच्या जाहिरातीत शंभर किलोमीटरला १.९ लिटर असा आकडा असायचा. युरोपीय आयोगाने २०२४मध्ये गाड्यांच्या आतल्याच मापकांतून गोळा केलेली माहिती छापली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल गाड्यांत हा फरक पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो.

रिकॉलची यादी तरी पक्की असेल ना? इथेही जपानी इम्पोर्टचा वेगळा पेच आहे. न्यूझीलंडच्या रस्त्यांवरच्या जवळपास निम्म्या गाड्या जपानमध्ये वापरून मग इथे आल्या आहेत. कंपनीच्या इथल्या वितरकाने ती गाडी तुम्हाला विकलेली नसते, त्यामुळे त्याची वॉरंटीही तिला लागू होत नाही. शिवाय जपानमध्ये अशा गाडीला सतरा अक्षरांचा व्हीआयएन नसतो, चेसिस नंबर असतो. आउटलँडरच्या पहिल्या पिढीचा जीजी२डब्ल्यूने सुरू होतो. इथे नोंदणी करताना तिला ७एटीने सुरू होणारा नवा व्हीआयएन चिकटवतात. हा ७एटी नंबर जपानच्या कारखान्याने कधी पाहिलेलाच नसतो. परदेशी रिकॉल-शोधात तो टाकला की काही सापडत नाही, आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. शोधायचा असतो तो चेसिस नंबर.

ही काल्पनिक भीती नाही. टकाटाच्या एअरबॅगा आठवा. त्यातल्या सर्वांत धोकादायक ‘अल्फा’ प्रकारच्या सुमारे ५० हजार गाड्यांसाठी एप्रिल २०१८मध्ये इथल्या सरकारला सक्तीचा रिकॉल काढावा लागला. नुसत्या विनंतीवर काम भागलं नाही, कारण वापरून आलेल्या गाडीचा मालक शोधणं आणि ती दुरुस्त करायची जबाबदारी कोणाची हे ठरवणं, दोन्ही कठीण.

आपल्याकडे भारतात या बाबतीत एक वेगळी कल्पना आहे, ती इथल्यांनीही बघावी अशी. मोटार वाहन कायद्यात २०१९ला झालेल्या दुरुस्तीनंतर एप्रिल २०२१पासून जे नियम आले, त्यांत सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल तक्रारींची संख्या तिच्या वार्षिक विक्रीच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की सक्तीच्या रिकॉलचं पाऊल उचलता येतं. म्हणजे तक्रार मोजायची, आणि छेदासकट मोजायची. कल्पना शहाणी आहे. पण आउटलँडरसारख्या गाडीपुढे तीही हात टेकेल, कारण ती मोजते ते केलेल्या तक्रारी. आणि सात वर्षं? आपण घेतो त्या गाड्यांची खरी गोष्ट सातव्या वर्षानंतरच सुरू होते.

इथला ग्राहक मात्र असहाय नाही, आणि हे ग्रुपवर फार कमी लोक सांगतात. नोंदणीकृत डीलरकडून गाडी घेतली तर १९९३चा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट लागू होतो. गाडी जुनी असली तरी, लिलावातून घेतली असली तरी. गाडी तिची किंमत, वय आणि झालेले किलोमीटर पाहता समजूतदार माणसाला पटेल अशा दर्जाची असली पाहिजे. नसेल तर मोटार व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनल एक लाख डॉलरपर्यंतचे दावे ऐकतं, आणि निर्णय देणाऱ्याबरोबर गाड्यांचा जाणकारही बसतो. त्याचे निकाल जाहीर होतात. गाडी घेण्याआधी कुठले आकडे वाचायचेच असतील तर ते निकाल वाचा. एखाद्या खऱ्या गाडीत किती किलोमीटरनंतर काय गेलं, डीलर काय म्हणाला, हे तिथे सविस्तर असतं. खासगी मालकाकडून घेतली तर यातलं काही नाही. मेव्हण्याच्या मित्राकडून हजार डॉलर स्वस्त मिळते, त्यात हे हजार डॉलर आले.

अडचण एवढीच की ‘बॅटरी झिजली’ हा दावा करायला ती घेताना किती होती हे माहीत हवं. डीलरला गाडीच्या काचेवर कन्झ्युमर इन्फर्मेशन नोटीस लावावी लागते. तिच्यावर किंमत, वर्ष, किलोमीटर, गाडी नुकसान झालेल्या अवस्थेत आयात झाली का, हे सगळं असतं. उरलेल्या बॅटरीचा रकाना नाही. जपानी लिलावाच्या कागदावरही नाही. तिथे दरवाजाचा लहानसा ओरखडासुद्धा ए१ म्हणून खुणेसकट नोंदवतात, अपघातात दुरुस्त झालेल्या गाडीला आर शेरा देतात, सिगारेटचा डाग लिहितात. गाडीत सगळ्यात महाग असलेला भाग मात्र त्या चित्रात दिसत नाही.

तेव्हा ग्रुपवर ‘रिलाएबल आहे का’ असं विचारण्याऐवजी डीलरला आकडा विचारा: आज किती अँपिअर-तास आहेत? तो ‘बॅटरी मस्त आहे, फुल चार्ज होते’ म्हणेल. फुल तर ती कायमच होते. पंचवीस किलोमीटरचं फुल आणि चाळीसचं फुल यात काट्याला फरक कळत नाही. डोंगल घेऊन जा, कोणाकडून उसना आणा, गाडी चार्ज करून ठेवायला सांगा, हीटर बंद करून चालवून पाहा आणि इंजिन कितव्या किलोमीटरला सुरू होतं ते मोजा. चेसिस नंबरवरून रिकॉल झाले का ते तपासा. आणि आलेला आकडा विक्रीच्या करारावर, तारखेसकट, डीलरच्या सहीच्या वर लिहून घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल तर गाडीचा नंबर, तारीख आणि तुम्ही काय विचारलंत ते त्याला ईमेलने पाठवून ठेवा, आणि पुढची गाडी बघायला जा.